समुद्रतळाच्या गाळाचं वय कसं काढायचं: बारीक जीवाश्म आणि पृथ्वीचं डुलणं, दोन्ही हाताशी धरून

चोपड्याला काकांच्या केळीच्या वावरात बोअर मारला तेव्हा मी बारावीला होतो. मशीनवाला दर दहा फुटाला निघालेला माल वेगवेगळ्या ढिगात टाकत होता, आधी काळी माती, मग पिवळी, मग चुनखडीचे खडे, मग वाळू, मग परत पिवळीच, आणि काका त्या ओळीकडे बघून मला म्हणाले, "तू सायन्सले शे ना, सांग बरं, हाई खालनी माती कितली जुनी व्हई?" मी म्हटलं खालची म्हणजे जुनी असणार. "ते माले बी समजस," काका म्हणाले, "कितली जुनी ते सांग." तिथं माझी बोलती बंद.

पुढे एमएस्सीला अरबी समुद्रातल्या एका कोअरचे (समुद्रतळात नळी खुपसून काढलेल्या गाळाच्या उभ्या दांड्याचे) सॅम्पल हातात आले तेव्हा परत तोच प्रश्न, फक्त यावेळी उत्तर काढायची रीत होती. ती रीत इथं सगळी लिहून काढतोय, कारण आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारला जिऑलॉजी करणारी पोरं दरवर्षी विचारतात आणि मराठीत धड कुठे सापडत नाही. आणि समुद्र लांबचा म्हणून सोडून देऊ नका भो, आपल्या काळ्या दगडाची झिजून झालेली चिकणमाती गिरणा, पांझरा, अनेर यांच्यातून तापीत आणि तापीतून सुरतेजवळ समुद्रातच जाते. पश्चिम किनाऱ्याबाहेरच्या गाळात स्मेक्टाइट नावाची चिकणमाती जास्त दिसली की दख्खनचा बेसाल्ट आठवावा इतकं ते ओळखीचं आहे.

आधी कल्पना डोक्यात बसवा

भुसावळहून रात्रीच्या गाडीत बसलात, झोप लागली, जाग आली तर बाहेर अंधार. खिडकीतून फक्त रुळाकडेचे विजेचे खांब जाताना दिसतात. खांब मोजून तुम्हाला किती अंतर कापलं ते अगदी बारीक कळेल, पण कुठून कापलं ते कळणार नाही, कारण सगळे खांब सारखेच. तेवढ्यात स्टेशनची पाटी दिसली, जळगाव. आता ठिकाण कळलं, पण दोन पाट्यांमध्ये २४ किलोमीटर आहेत, मधल्या मध्ये तुम्ही नक्की कुठे होतात ते पाटी सांगत नाही.

जीवाश्म म्हणजे पाटी. खगोलीय चक्र म्हणजे खांब. पाटीशिवाय खांब मोजणारा हमखास फसतो आणि खांबाशिवाय नुसत्या पाट्यांवर राहणारा ढोबळ राहतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोघांचा हिशोब जिथं जुळत नाही तिथंच खरी बातमी असते. ते पुढे उदाहरणात दाखवतो.

खांब कोणते? पृथ्वीची सूर्याभोवतीची कक्षा कधी जास्त लांबट कधी जवळपास गोल होते, त्याची चक्रं साधारण १ लाख वर्षांची आणि एक मोठं ४ लाख ५ हजार वर्षांचं. आसाचा कल साधारण २२.१ ते २४.५ अंशांमध्ये हलतो, त्याचं चक्र ४१ हजार वर्षांचं. आणि भोवरा मंदावल्यावर जसा डुलतो तसा आस डुलतो, त्याचा हवामानावर दिसणारा परिणाम १९ आणि २३ हजार वर्षांच्या चक्रात येतो. यामुळे कुठल्या अक्षांशावर कुठल्या ऋतूत किती ऊन पडतं ते बदलतं, त्यावर बर्फ आणि मान्सून बदलतो आणि समुद्रतळावर पडणाऱ्या गाळाचा रंग, चुना, लोह सगळं बदलतं. हे गणित सर्बियाच्या मिलुटिन मिलानकोविच यांनी हातानं केलं, कॉम्प्युटर नसताना. गाळात ते खरंच आहे हे पक्कं झालं १९७६ साली, हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन या तिघांनी हिंदी महासागराच्या दक्षिण भागातल्या दोन कोअर घेऊन साडेचार लाख वर्षांत हीच चक्रं दाखवली.

पहिलं काम: खोलीचा कॉलम नीट बघा

सगळ्यांना घाई मायक्रोस्कोपची असते पण निम्म्या चुका इथं होतात. मऊ गाळात पिस्टन कोअर घेतात तेव्हा साडेनऊ मीटरची एक नळी येते, जहाजावर तिचे दीड-दीड मीटरचे तुकडे करतात, मग उभे चिरून अर्धा भाग राखीव आणि अर्धा काम करायला. आता एका नळीच्या शेवटापासून पुढच्या नळीच्या सुरुवातीपर्यंत थोडा गाळ हमखास सुटतो, कधी अर्धा मीटर कधी जास्त, म्हणून एकाच ठिकाणी दोन-तीन भोकं थोडी वरखाली पाडतात आणि एका भोकातली फट दुसऱ्या भोकातल्या गाळानं भरून काढतात. याला स्प्लाइस म्हणतात, आणि अशा जोडलेल्या मापाला कॉम्पोझिट डेप्थ.

म्हणजे डेटा शीटमध्ये खोलीचे दोन कॉलम असतात, एक समुद्रतळापासून मोजलेली साधी खोली, दुसरी जोडलेली. मी जीवाश्म पहिल्या कॉलमवर टाकले आणि लोहाचा डेटा दुसऱ्यावर, दोन महिने काहीच जुळेना, मला वाटलं माझं जीवाश्म ओळखणंच चुकतंय. फरक होता दीड मीटरचा. हजार वर्षाला २ सेंटीमीटर गाळ साठत असेल तर दीड मीटर म्हणजे ७५ हजार वर्षं. गाईड काही बोलले नाहीत, फक्त कॉलमच्या नावावर पेन्सिलनं गोल केला.

आणखी एक, कोअरचे फोटो पाठ होईपर्यंत बघा. तळाशी वाळू आणि वर बारीक होत जाणारा थर दिसला तर तो टर्बिडाइट, म्हणजे उतारावरून गाळाचा लोंढा आला आणि थोड्या वेळात साठून मोकळा झाला. त्याची जाडी वेळेच्या हिशोबातून वजा करायची असते. आपल्या समोरच्या अरबी समुद्रातल्या लक्ष्मी बेसिनमध्ये तर याचा कहर आहे. २०१५ मध्ये जॉइडिस रेझोल्यूशन जहाजानं भारताच्या किनाऱ्यापासून साधारण पावणेपाचशे किलोमीटरवर, साडेतीन हजार मीटरपेक्षा जास्त खोल पाण्यात भोकं पाडली, तिथं एका प्रचंड समुद्री दरडीचा शेकडो मीटर जाडीचा थर लागला, त्याला नटराज स्लाइड म्हणतात, ती साधारण १ कोटी ८ लाख वर्षांच्या सुमाराला कोसळली. शेकडो मीटर गाळ आणि वेळ जवळपास शून्य! तिथं कुणी डोळे मिटून चक्रं मोजायला बसला तर काय होईल विचार करा.

दुसरं: मशीननं मिळणारा डेटा

हे भराभर होतं. चुंबकीय ग्रहणक्षमता (गाळ किती चुंबकाळतो ते), गाळाची घनता, रंगाचा उजळपणा आणि एक्सआरएफ स्कॅनरवरून, म्हणजे क्ष-किरण टाकून मूलद्रव्यं मोजणाऱ्या मशीनवरून, लोह, टायटॅनियम, कॅल्शियम. चिरलेल्या कोअरमधून गाळ न उपसता सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरला एक आकडा मिळतो. लोहाला कॅल्शियमनं भागलं की जमिनीवरून आलेली माती विरुद्ध समुद्रातला चुना असा ताळा दिसतो, चक्रं शोधायला हा गुणोत्तराचा कॉलम सगळ्यात कामाचा.

सॅम्पलचं अंतर इथंच ठरवा. सगळ्यात लहान चक्र २० हजार वर्षांच्या आसपासचं, हजार वर्षाला २ सेंमी गाळ असेल तर ते चक्र ४० सेंमी जाड. तत्त्वतः एका चक्रात दोन सॅम्पल पुरतात, पण प्रत्यक्षात आठ तरी पाहिजेत, म्हणजे ५ सेंमीला एक. ३० सेंमीला सॅम्पल घेऊन कुणी २० हजार वर्षांचं चक्र सापडलं म्हणत असेल तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

तिसरं: स्मिअर स्लाइड, दहा मिनिटांत ढोबळ वय

टूथपिकच्या टोकावर बाजरीच्या दाण्यापेक्षा कमी गाळ घ्यायचा, काचेवर पाण्याच्या थेंबात पसरायचा, हॉटप्लेटवर वाळवायचा, ऑप्टिकल गोंद लावून बंद करायचा आणि तेल टाकून १००० पट मोठं करून बघायचं. यात दिसतात कॅल्शियमचे नॅनोफॉसिल, म्हणजे एकपेशीय शैवालांच्या अंगावरच्या चुन्याच्या तबकड्या, मिलीमीटरचा हजारावा भाग मोजायचा तर दोन-चार ते वीस. ध्रुवित प्रकाशात, म्हणजे दोन्ही पोलरायझर आडवे-उभे लावले की अंधारात या तबकड्या चमकतात आणि प्रत्येकीवर काळी फुली फिरताना दिसते, पहिल्यांदा बघताना मी पाऊण तास उठलोच नाही. डिस्कोॲस्टर नावाचे तारे मात्र या अंधारात जवळपास गायब होतात, ते साध्या प्रकाशात बघावे लागतात, पाच-सहा पाकळ्यांच्या चांदण्या. नवीन मुलं एकाच प्रकाशात सगळी स्लाइड संपवतात आणि लिहितात "डिस्कोॲस्टर नाही". एवढ्यानं वय लाखो वर्षांनी चुकतं.

पाठ करून ठेवायच्या थोड्या पाट्या सांगतो. इमिलियानिया हक्सलेयी पहिल्यांदा दिसते ती साधारण २ लाख ९० हजार वर्षांपूर्वी. स्यूडोइमिलियानिया लॅक्युनोसा संपते ४ लाख ४० हजारांच्या आसपास. कॅल्सिडिस्कस मॅकिन्टायरी संपते १६ लाखांपूर्वी, आणि शेवटचा डिस्कोॲस्टर, म्हणजे ब्राउवेरी, संपतो १९ लाख ३० हजारांपूर्वी. स्लाइडमध्ये चांदण्या भरपूर आणि सगळ्या ताज्या दिसल्या तर समजा १९ लाखांच्या खाली गेलात.

चौथं: फोरॅमिनिफेरा धुणं आणि निवडणं

हे काम हळू आहे, घाई करणाऱ्याचं नाही. फोरॅमिनिफेरा म्हणजे चुन्याचं बारीक घर बांधणारे एकपेशीय जीव, बरेचसे रव्याच्या दाण्याएवढे, काही पाण्यात तरंगणारे, काही तळावर राहणारे. १० घन सेंमी गाळ रात्रभर पाण्यात भिजवायचा, चिकट असेल तर चिमूटभर कॅल्गॉन टाकायचं, मग ६३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर हलक्या धारेखाली धुवायचा. घरी वस्त्रगाळ करतात ना हळद, तेवढी बारीक जाळी समजा. वर राहिलेलं ५० अंशाच्या आसपास ओव्हनमध्ये वाळवायचं, परत १५० मायक्रॉनवर चाळायचं आणि तीनशेच्या वर दाणे मोजायचे.

आता पुस्तकात नसलेलं. एक, आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, किटलीत पांढरा थर बसतो तसाच दाण्यांवर बसतो, त्यामुळे शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्यानं करा आणि ते फार आम्लधर्मी नाही हे तपासून घ्या, नाहीतर नाजूक घरं विरघळतात. दोन, प्रत्येक सॅम्पलनंतर चाळणी घासून मेथिलीन ब्लूच्या निळ्या पाण्यात बुडवायची. जाळीत अडकून राहिलेले आधीच्या सॅम्पलचे दाणे निळे होतात, पुढच्या वेळी निळा दाणा दिसला की तो बाहेरचा, सोडून द्यायचा. मी पहिल्या वीस सॅम्पलला हे केलं नाही आणि मग ती वीसही परत धुतली. तीन, पंखा! मे महिना, जळगावात पारा ४४ वर, आणि मायक्रोस्कोपखाली ट्रेमध्ये वाळलेले दाणे पसरलेले. कुणीतरी दार उघडून आलं आणि सवयीनं पंख्याचं बटण दाबलं. तीनशे चाळीस दाणे मोजून झाले होते. तेव्हापासून बटणावर चिकटपट्टी आणि घामाचा थेंब ट्रेमध्ये पडू नये म्हणून कपाळाला रुमाल.

निवडायला तीन शून्यांचा ब्रश, टोक ओलं करून एकेक दाणा उचलायचा आणि काळ्या स्लाइडवर चौकोनात ठेवायचा. अरबी समुद्रात ग्लोबिजेरिना बुलॉइड्स वाढली की नैर्ऋत्य मान्सूनचे वारे जोरात होते असं धरतात, कारण वाऱ्यानं खालचं थंड, पोषक द्रव्यांनी समृद्ध पाणी वर येतं आणि हिला तेच आवडतं. आपल्याकडे कापसावर पडणाऱ्या पावसाचा इतिहास अशा दाण्यांच्या टक्केवारीत बसलेला आहे.

वयासाठी मला सगळ्यात आवडणारी पाटी म्हणजे गुलाबी ग्लोबिजेरिनॉइड्स रुबर. हिंदी आणि प्रशांत महासागरात ही गुलाबी जात १ लाख २० हजार वर्षांपूर्वी संपली, पांढरी अजून आहे. पण अटलांटिकमध्ये गुलाबी आजही जिवंत! म्हणजे तोच दाणा, तोच रंग, समुद्र बदलला की पाटीचा अर्थ बदलतो. म्हणून तक्त्यातून वय उचलताना ते कुठल्या महासागराचं आहे ते बघितल्याशिवाय उचलू नका.

पाचवं: पाट्या कागदावर मांडा

इथून पुढे समजा असं एक उदाहरण घेऊ, आकडे माझे, सोयीसाठी. लॅक्युनोसा ८.७० मीटरच्या सॅम्पलमध्ये नाही, ८.९० मध्ये आहे, म्हणजे तिचा शेवट ८.८० मीटरला, वरखाली १० सेंमी. ही वरखालीची नोंद करायची विसरू नका, कारण तीच तुमची चूक किती ते सांगते. ब्राउवेरीचा शेवट ३८.६० ला. दोघांमध्ये २९.८ मीटर आणि १४ लाख ९० हजार वर्षं, म्हणजे हजार वर्षाला बरोबर २ सेंमी. छान. पण मॅकिन्टायरीचा शेवट, जो या हिशोबानं ३२ मीटरला यायला पाहिजे, तो तुम्हाला २९ ला मिळाला. आता?

पहिला संशय उलथापालथीचा घ्या. जुन्या थरातले जीवाश्म झिजून, वाहून नव्या थरात परत पडतात, त्यामुळे जात संपल्यानंतरही तिची मढी वर दिसत राहतात आणि शेवट खोटा वर सरकतो. २९ ते ३२ मधल्या स्लाइड परत बघा, दाणे मोजकेच आणि कडा झिजलेल्या असतील तर ते आलेले पाहुणे आहेत, खरा शेवट जिथून संख्या एकदम भरते तिथं. पहिल्या आगमनाची चूक उलटी असते, वरचा दाणा खाली पडला की आगमन खोटं खाली जातं. काकांच्या बोअरमध्ये वरची काळी माती ढासळून साठ फुटाच्या ढिगात मिसळत होती, तेच. म्हणून तेलाच्या विहिरीत नुसता चुरा वर येतो तिथं लोक आगमनापेक्षा शेवटावर जास्त भरवसा ठेवतात.

सहावं: चक्रं मोजा, पण घाई नको

लोह भागिले कॅल्शियमचा कॉलम घ्या, खूप लांबचा चढ-उतार काढून टाका, समान अंतरावर आणा आणि स्पेक्ट्रम काढा, म्हणजे चढ-उतार किती जाडीनंतर परत परत येतो ते दाखवणारा आलेख. पैसे लागत नाहीत, आर या संगणक भाषेतलं ॲस्ट्रोक्रॉन किंवा एसायकल हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. समजा शिखरं आली २.१ मीटर, ८७ सेंमी आणि ४७ सेंमीला. यांची गुणोत्तरं बघा, ४७ ला १ धरलं तर ८७ म्हणजे १.८५ आणि २१० म्हणजे ४.५. तिकडे २२, ४१ आणि १०० हजार वर्षांचं गुणोत्तर १, १.८६, ४.५. जुळलं! गाळ साठायचा वेग माहीत नसतानाही गुणोत्तर जुळतं ही या पद्धतीची खरी ओळख आहे, एकट्या शिखराला काही अर्थ नसतो, एक शिखर तर कुठल्याही आकड्यांच्या गोंधळात मिळतं.

पण थांबा. जीवाश्मांनी वेग सांगितला २ सेंमी, मग ८७ सेंमी म्हणजे ४३.५ हजार वर्षं होतात, ४१ नाही. अडीच हजारांचा फरक, जाऊ द्या म्हणावंसं वाटतं. जाऊ देऊ नका. ८७ सेंमी म्हणजे खरोखर ४१ हजार असतील तर वेग २.१२ होतो, आणि त्या वेगानं २९.८ मीटर साठायला साधारण १४ लाख ५ हजार वर्षंच लागतात. जीवाश्म म्हणतायत १४ लाख ९० हजार. मधली ८५ हजार वर्षं गेली कुठे? नोंदीतली १० सेंमीची चूक जेमतेम ५ हजार वर्षांची, तीत हे बसत नाही. शक्यता अशी की मध्ये कुठेतरी प्रवाहानं तळ खरवडला आणि कलाची दोन चक्रं कायमची गेली. मग फोटोत परत शोधायचं, एखादी धारदार रंगाची रेष, खाली किड्यांची बिळं वरच्या रंगानं भरलेली, हात लावला तर किंचित खरखरीत. खांब आणि पाटी यांचं भांडण म्हटलं ते हेच, नुसत्या जीवाश्मांनी सरळ रेष दिली असती आणि तुम्ही खुश होऊन झोपला असतात.

आणखी एक लक्षात ठेवा, सगळीकडे एकच चक्र जोरात नसतं. तळावरच्या फोरॅमच्या ऑक्सिजन आयसोटोपमध्ये, म्हणजे त्यांच्या घरातल्या जड आणि हलक्या ऑक्सिजनच्या प्रमाणात, १० लाखांच्या आधी ४१ हजारांचं राज्य दिसतं आणि नंतर हळूहळू १ लाखाचं. मान्सूनच्या नोंदीत डुलण्याचं चक्र जास्त उठून दिसतं.

सातवं: ट्यूनिंग

ट्यूनिंग म्हणजे आपली खोलीवरची नोंद वय माहीत असलेल्या वळणाशी जुळवणं. आता तळावरच्या फोरॅमची ऑक्सिजन आयसोटोप नोंद असेल तर ती एलआर०४ या जगभरच्या सरासरी वळणाशी लावायची. लिसिकी आणि रेमो यांनी २००५ मध्ये ५७ ठिकाणांच्या नोंदी एकत्र करून ते बनवलंय, ५३ लाख वर्षांचं, नेटवर मोफत उतरवता येतं. बर्फ वाढलं की हलका ऑक्सिजन बर्फात अडकतो, समुद्रात जड उरतो, म्हणून थंड काळात आकडा वाढतो आणि सगळे लोक आलेख उलटा काढतात, गोंधळू नका. दाणे एकाच जातीचे घ्या, शक्यतो सिबिसिडॉइड्स, जात मिसळली की दुरुस्ती करावी लागते.

जोडणीचे बिंदू कमीत कमी ठेवा. प्रत्येक शिखर ओढूनताणून दुसऱ्या शिखराला बांधलं तर आलेख सुंदर दिसतो पण मधला गाळाचा वेग बघा, कुठे हजार वर्षाला अर्धा सेंमी, लगेच पुढे सहा सेंमी, असं झालं की समजा तुम्ही गाळाला नाही, स्वतःच्या इच्छेला ट्यून केलंय. माझा पहिला खोली-वयाचा मॉडेल असाच होता, एकावन्न बिंदू. शेवटी चौदा ठेवले.

शिवाय उशीर धरायचा. ऊन वाढलं म्हणून बर्फ त्याच दिवशी वितळत नाही, हजारो वर्षं लागतात. भूमध्य समुद्रातल्या काळ्या सेंद्रिय थरांना साधारण ३ हजार वर्षांचा उशीर धरतात, अरबी समुद्राच्या मान्सूनच्या नोंदीत तर काही अभ्यासांनी ८ हजारांच्या आसपास काढलाय आणि त्यावर वाद चालूच आहे. कुठला उशीर धरला ते लिहून ठेवा म्हणजे पुढचा माणूस बदलून बघू शकेल.

आठवं: स्वतःवरच संशय घ्या

ट्यूनिंगमधला मोठा धोका हा की ४१ हजारांच्या साच्यात डेटा घातला की त्यातून ४१ हजारांचं चक्र निघणारच, घागरीत टाकलं तेच बाहेर. म्हणून तपासणी अशा गोष्टीनं करायची जी तुम्ही साच्यात वापरली नाही. डुलण्याच्या चक्राची उंची कक्षेच्या लांबटपणानुसार कमी-जास्त होते, कक्षा गोल असेल तेव्हा ते दबतं. तुमच्या नोंदीत ही दबण्या-उठण्याची लय १ लाख आणि ४ लाख ५ हजारांनी येते का बघा. इथंही सावध, कारण डुलण्यावरच ट्यून केलेल्या नोंदीत ही लय थोडीफार आपोआप घुसते, ट्यून न केलेल्या खोलीवरच्या डेटात दिसली तर जास्त भारी. दुसरं, राखेचा थर. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची ७४ हजार वर्षांपूर्वीची राख हिंदी महासागरातल्या बऱ्याच कोअरमध्ये मिळते, ती तुमच्या मॉडेलमध्ये ७४ च्या जवळ यायला हवी. वरच्या ५० हजारांपर्यंत कार्बन-१४ आहेच. चुंबकीय उलटापालटही (पृथ्वीच्या चुंबकाचे उत्तर-दक्षिण ध्रुव अदलाबदल होतात ती) चालते, पण आपल्या कमी अक्षांशात दिशा आडवी असल्यानं वाचायला अवघड जातं.

या पद्धतीनं उलट भौतिकशास्त्रवाल्यांना दुरुस्त केलंय हे मी मुलांना नेहमी सांगतो. शेवटची मोठी चुंबकीय उलट ७ लाख ३० हजार वर्षांपूर्वीची असं पोटॅशियम-आर्गॉनवरून, म्हणजे खडकातल्या किरणोत्सर्गी पोटॅशियमच्या क्षयावरून, मानत होते. १९९० मध्ये शॅकल्टन, बर्जर आणि पेल्टियर यांनी पूर्व प्रशांतातल्या ६७७ क्रमांकाच्या ड्रिलिंग साइटवर चक्रं लावून म्हटलं की ७ लाख ८० हजार आहे. नंतर आर्गॉन-आर्गॉननं (त्याच पद्धतीचं जास्त नेमकं रूप) मोजलं तर गाळवालेच बरोबर निघाले.

पाच कोटी वर्षांच्या पलीकडे

फार मागे गेलं की खांबच हलायला लागतात. ग्रहांची गती थोडीशी बेभरवशाची आहे, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लास्कर यांच्या गणितानुसार ५ ते ६ कोटी वर्षांपलीकडे कक्षेचा नेमका आकार काढता येत नाही, सेरेस आणि वेस्टा या लघुग्रहांच्या जवळून जाण्यानंही हिशोब बिघडतो. डुलण्याचं चक्रही पूर्वी लहान होतं कारण चंद्राच्या ओढीनं दिवस हळूहळू लांबतोय. तिथं भरवसा ४ लाख ५ हजारांच्या चक्रावर, ते शुक्र आणि गुरू यांच्यातल्या ओढाताणीचं आहे आणि गुरू एवढा जड की ते फारसं हलत नाही. बाकी सगळं सोडून तेवढं मोजायचं, आणि तेही आधी जीवाश्म आणि चुंबकीय पट्टे बसवून.

याचा आपल्या दारातल्या दगडाशी थेट संबंध आहे. आर्गॉन-आर्गॉननं बेसाल्टचं वय काढताना सोबत एक ठरलेला मानक खनिज मोजतात, फिश कॅन्यन सॅनिडीन, त्याचं वय आधी २ कोटी ८० लाख २० हजार धरायचे. मोरोक्कोतल्या मेलिल्ला खोऱ्यात समुद्री गाळाचे थर चक्रांवर लावलेले आहेत आणि त्यात मध्ये मध्ये राख आहे. २००८ मध्ये त्या राखेशी ताडून या मानकाचं वय २ कोटी ८२ लाख १ हजार ठरलं. फरक अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर, पण डायनोसॉर संपले त्या रेषेवर तो ४ लाख वर्षांच्या पुढे जातो, म्हणून जुन्या पुस्तकांत ६.५५ कोटी असलेली ती रेष नव्या तक्त्यांत ६.६ कोटी झाली आणि आपल्या दख्खनच्या लाव्हाची वयंही त्याच पट्टीनं सरकली.

काकांना हे मागच्या दिवाळीत सांगितलं. बोअर दोनशे ऐंशी फुटावर काळ्या खडकाला लागला होता, तो तुकडा त्यांनी ओट्यावर दाराला अडण म्हणून ठेवलाय. साधारण साडेसहा कोटींच्या वरचा, म्हटलं. त्यांनी तो पायानं थोडा सरकवला, दार नीट बसवलं आणि विचारलं, "आनी ती वरनी पिवळी माती?" ती नदीची, तिच्यात हे दाणे नसतात, तिला वेगळी पद्धत.